शेवटच्या झाडाचं वळण

सकाळपासून आयली एटीव्हीखाली, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या जाड टायरांच्या चारचाकीखाली, बर्फावर आडवी पडली होती आणि मनातून नाचत होती. तळं दोन फूट गोठलेलं, आभाळ लख्ख, दुपारी एकला शर्यत. पण गाडी एकाच ठिकाणी अडत होती.

नाताळ सरला की गावातले लोक सणासाठी घरात आणलेली झाडं तळ्यावर आणून बर्फात रोवतात. झाडांच्या रांगेच्या आतला बर्फ जाड, भरवशाचा. शर्यतही त्याच रांगेनं जायची आणि शेवटच्या झाडाला वळसा घालून परत यायची. सगळी वळणं गाडी मस्त घेई. शेवटच्याला मात्र हँडल वळवलं तरी पुढची चाकं बर्फ खरवडत सरळच जात.

"टायरांतली हवा तपासलीस?" बाबांनी, म्हणजे तोइवोनं, विचारलं.

"इथं, थंडीत तपासली. उबदार शेडमध्ये तपासायला मी काय काल जन्मले?"

"जिंकलीस तर गाडी ठेव. नाहीतर सोमवारी गिऱ्हाईक येतंय."

गाडी त्यांना डोळ्यांसमोर नको होती. गेल्या वर्षी रेनो, आयलीचा भाऊ, याच गाडीवरून झाडं रोवत निघाला होता. शेवटचं झाड हातातच राहिलं आणि बर्फ फुटला. गाडी भोकाच्या काठावर राहिली, रेनो पाण्यात गेला. त्याआधी सात वर्षं जोडीच्या शर्यतीत आयली चालवायची आणि रेनो मागं बसून वळणावर आत झुकायचा. त्याच्या सीटवर परका माणूस बसलेला तिला सहन होणार नव्हता.

तिनं पुढच्या टायरांमधली हवा थोडी कमी केली. स्टिअरिंगचे सांधे हलवून पाहिले, घट्ट होते. मागच्या कॅरिअरवरची वाळूची गोणी पुढं बांधली. पुन्हा फेरी मारली. पुन्हा तेच.

मग ती चाकांचे ठसे बघत शेवटच्या झाडापर्यंत चालत गेली. अलीकडं दहा पावलांवर मागच्या चाकांचे ठसे एकदम बोटभर खोल झाले होते. वळण संपलं की पुन्हा उथळ. मागं गोणीसुद्धा नव्हती.

बर्फच मऊ असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. टाचेनं ठोकून पाहिलं. दगडासारखा होता.

एक वाजला. बारा गाड्या एकदम सुटल्या आणि आयलीला सगळ्याचा विसर पडला! तोंडावर बर्फाचा मारा, कानांत इंजिनं. सातवी, चौथी, दुसरी. शेवटचं झाड समोर आलं.

मागची बाजू बसली. हँडल हलकं झालं.

गाडी सरळ निघाली.

"रेनो, आत!" ती ओरडली. सात वर्षांची सवय.

सीट आतल्या बाजूला कलली. पुढची चाकं रुतली, गाडी झाडाला घासून वळली आणि आयली पहिली झाली. परतीच्या वाटेभर ती रडत होती, हसत होती. हँडल मात्र तसंच हलकं होतं.

रेषेपाशी पंच उभा होता. डुलुथ शहरातून आलेला, गावात कुणाला न ओळखणारा. त्यानं मान हलवली.

"बाद. ही एकट्याची शर्यत आहे, बाई. मागं माणूस कशाला घेतलात?"

"कुठाय माणूस?"

"आत्ता उतरला की! त्या खोपीत शिरला. आणि अशा थंडीत ओल्या कपड्यांनी फिरवता त्याला?"

बाबा शेजारीच होते. त्यांनी बर्फावरच्या आपल्या मासेमारीच्या खोपीचं दार ढकललं. आयली मागोमाग गेली.

आत कुणी नव्हतं. स्टोव्हजवळचं बाकडं ओलंचिंब होतं आणि त्यातून वाफ निघत होती.

खाली बसून बाबांनी स्टोव्हमध्ये दोन लाकडं सारली.

"गाडी विकायची नाही," मागं न बघता ते म्हणाले. "आणि दार लाव, पोरी. गारठलाय तो."