काटा सापडला नाही

विंझरच्या फाट्यावर शाकिरचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर चार पत्रे, हवेचं मशीन, पाण्याचं घमेलं आणि गिऱ्हाइकाला टेकायला एक बाकडं. पण शाकिर हट्टी माणूस. आधी टायरच्या आतून बोटं फिरवून काटा शोधायचा, मगच ट्यूबला पॅच लावायचा, हा त्याच्या वडिलांचा, उस्मानचाचांचा, नेम. काटा आत राहिला तर गाडी चार पावलांवर पुन्हा बसते आणि नाव पंक्चरवाल्याचं जातं. शाकिरनं हा नेम आयुष्यात एकदाच पुरता मोडला. ते आठवलं की त्याला अजून झोप लागत नाही.

श्रावणातली दुपार होती. धुकं इतकं उतरलं होतं की समोरचा एस.टी.चा थांबाही दिसत नव्हता. तीनच्या सुमाराला त्या धुक्यातून संजय गाडी ढकलत आला. किकवीला कंपनीत कामाला, घर वेल्ह्याच्या पलीकडं. शाकिरचं जुनं गिऱ्हाईक.

"शाकिरभाई, सारिकाला कळा सुरू झाल्यात. वेल्ह्याला दवाखान्यात नेलंय. एस.टी.चा पत्ता न्हाई. तेवढं लवकर काढा."

गाडी पुढच्या वळणावर, कातळाजवळ बसली होती. शाकिरनं मागच्या चाकाची ट्यूब पाण्यात धरली. बुडबुडे आले, भोक सापडलं. टायरमध्ये मात्र काटा नाही, खिळा नाही, बाहेरून ओरखडाही नाही. टायरच्या कडेच्या तारा चाचपल्या, त्याही गुळगुळीत. काटा वाटेत गळून पडला असेल अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि पॅच लावला.

पाऊण तासानं संजय पुन्हा दारात. तेच वळण, तोच कातळ. पहिला पॅच शाबूत, भोक दुसरीकडंच. शाकिरनं तीनदा आतून हात फिरवला. काटा सापडला नाही.

"मागं जड लागतंय हो," संजय हळूच म्हणाला. "आय गेल्यापास्नं मागची शीट मोकळीच असती. पर त्या वळणाला गेलं की… कुणीतरी कॅरिअर धरून बसल्यावानी…"

"धुक्यात असं हुतं. जावा सावकाश," शाकिर म्हणाला. त्याच्या स्वतःच्या मनातही कसंसंच झालं होतं, पण बायको अडलेल्या माणसाशी असलं कुठं बोलायचं?

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा साडेपाच वाजले होते. उजेड मळकट झाला होता. संजयनं गाडी उभी केली, बाकड्यावर बसला आणि रडायलाच लागला. सकाळपासून ती एकटी आहे, तिचं कुणी नाही तिथं, एवढंच पुन्हा पुन्हा बोलत होता.

आता पॅच लावावा, की सगळंच बदलून मोकळं व्हावं? नवा माल दुकानात नव्हता. शाकिरची स्वतःची गाडी इंजिन खोलून कोपऱ्यात पडली होती. तिचा मागचा टायर जेमतेम महिन्याचा, मापही तेच. त्याला पोराची दया आली. बाकी काही नाही, दयाच आली. त्यानं संजयच्या चाकातून जुनं टायर-ट्यूब उपसून बाजूला टाकलं, आत बोट घालायचेही कष्ट घेतले नाहीत, आणि आपलं चढवलं.

"आता कुठं थांबत न्हाई बघा गाडी," तो म्हणाला.

गाडी थांबली नाही. सातआठ मिनिटांनी डोंगराकडून आवाज आला, डंपरनं खडी ओतावी तसा, पण संपता संपेना. वळणावरची दरड खाली आली होती. माती उपसून संजयला काढलं तेव्हा शाकिर तिथंच उभा होता. गाडीचं पुढचं निम्मं अंग चेपून गेलं होतं. मागचं चाक टम्म होतं. त्यानं भरलेली हवा तसूभरही कमी झाली नव्हती.

सव्वा महिन्यानं सारिका दुकानात आली. छातीशी लेक होती. शाकिरला मान वर करवेना.

"तुमच्यावर बोल न्हाई माझा, भाई," ती बाकड्यावर बसत म्हणाली. "पर एक सांगायचंय. त्या दिशी दुपारपास्नं सासूबाई माझ्या उशाशी हुत्या."

संजयच्या आईला, पारूबाईंना, जाऊन सहा महिने झाले होते. मयताला शाकिर स्वतः गेला होता.

"कळांत मला काय सुधरत नव्हतं. त्या आपल्या म्हणायच्या, भिऊ नगं, म्या त्याला धरून ठिवलाय, आज हिकडं येऊ देत न्हाई. मला राग यायचा. आन् सांजच्याला… आपल्या काळ्या हाताकडं बघितलं त्यांनी. सुटला गं, म्हणाल्या. हातातनं सुटला… आन् तवाच ही रडली."

पत्र्यावर पावसाची बारीक भुरभुर चालू होती.

मग सारिकानं लेकीच्या पायावरचं दुपटं बाजूला केलं. "दवाखान्यातनं आणल्यापास्नं ह्ये हाय. साबण झाला, तेल झालं. तुमी हाताचं काळं घालवायला काय लावता?"

इवल्या घोट्याभोवती चार काळी बोटं आणि एक अंगठा उमटला होता. मोठ्या माणसाचा हात. शाकिर वाकला तसा जुन्या रबराचा वास आला. त्यानं फडकं साबणाच्या पाण्यात बुडवलं, पिळलं, पायापाशी नेलं… आणि त्याचा हात तिथंच थांबला.

"राहू द्या, वहिनी," तो कसाबसा म्हणाला. "धरलंय तर… धरू द्या. पुसू नगा."

सारिका त्याच्याकडं बघत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून रडू लागली. लेक मांडीवर गाढ झोपली होती. झोपेतच तिचा तो पाय हळूहळू मागं ओढला गेला, आणि तसाच ताणलेला राहिला.