सांडव्यापलीकडची वाट

मंजुश्रीचा डावा गुडघा पंचशीलाला स्वतःच्या तळहाताइतका पाठ होता. लातुरात तिचं फिजिओथेरपीचं छोटंसं क्लिनिक होतं. शस्त्रक्रियेनंतर हाच गुडघा तिनं रडवून, ओरडून, लाडीगोडीनं वाकता केला होता. त्यामुळं मंजूनं जेव्हा "पाठीवर तंबू टाकून इस्लापूरकडचं महादेवाचं तळं पुरतं फिरायचं" असं जाहीर केलं, तेव्हा नकार द्यायला तिला तोंडच उरलं नाही. मंजूची आई रत्नम्मा मात्र दोघी मुरुडच्या घरातून निघताना म्हणाली होती, "पंचे, तू नेतीस, तूच आणून सोड." पंचशीलानं हो म्हटलं होतं.

तळं कसलं, दर्यासारखं पाणी. देवळापासून निघून पाणी उजव्या हाताला ठेवायचं. आधी लव्हाळ्याची, पाणकणसाची दलदल, मग तळ्याचं जादा पाणी बाहेर पडतं तो सांडवा, आणि सांडव्यापलीकडं कमरेएवढ्या गवताचा माळ, तो थेट देवळापर्यंत. तीन दिवसांचा फेरा, आणि वाट एकच.

देवळापाशी साखराबाई शेळ्या राखत बसली होती. "सांडव्यापस्तोर जा अन् माघारी फिरा," ती म्हणाली. "पिंडीचं गोमुख वलांडतेत का कुनी? तसंच हाय हे. अन् संगट निघालात तर संगटच वळा."

पंचशीला हसली. कुठल्याच दगडापुढं वाकायचं नाही, हे ती घरातच शिकली होती. तळ्याला प्रदक्षिणेचे नियम लावणं म्हणजे तिच्या मते अतीच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सांडव्यावर पोहोचल्या. उडी मारून जाता येईल एवढंच पाणी. पंचशीलानं उडी मारली आणि मागं वळून हात पुढं केला. मंजू काठावरच थांबली होती.

"मला नाही जमायचं," ती म्हणाली.

"गुडघा?"

"गुडघा नाही गं. लहानपणापासून आईनं प्रत्येक पिंडीच्या गोमुखापासून वळवलंय. पाय उचलत नाही." मग तिनं काठी रोवली. "मी माघारी फिरते. देवळावरून उलट्या अंगानं माळावर येते. तू समोरून ये. एकच वाट आहे, चुकायचं कसं?"

"एकटी नको. मीच येते अलीकडं."

"नको. मला पेशंट समजणं आता तरी सोड, पंचे."

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. तिनं मंजूला जाऊ दिलं.

माळावर गवत वाळून पिवळं पडलं होतं. कुसळं मोज्यांत घुसत होती. तिसऱ्या दिवशी पंचशीला दर वळणावर मंजूची निळी टोपी शोधत चालली. वाटेत एकुलतं एक हिवराचं झाड लागलं. तिथं ती घटकाभर थांबली, पाणी प्याली, पुढं निघाली. दुपारी देवळाचा कळस दिसला, तरी मंजू भेटली नव्हती.

"तुमची जोडीदारीन?" साखराबाई म्हणाली. "ती तर सकाळीच गेली की माळाकडं. तुम्ही तिकडूनच येऊन राहिल्या. भेटली न्हाई?"

"नाही."

साखराबाईनं तिच्या बुटांकडं पाहिलं. "सांडवा तुम्ही एकलीनंच वलांडला का?"

"हो," पंचशीला म्हणाली. साखराबाई उठली. तिनं शेळ्या हाकल्या.

अखेर मंजूचा फोन लागला तेव्हा पंचशीलाचा जीव भांड्यात पडला.

"मी हिवराखाली आहे," मंजू म्हणाली. "तू किती वेळ लावतेस?"

"तिथंच थांब."

ती जवळजवळ पळतच गेली. झाडाखाली कुणी नव्हतं. तिनं पुन्हा फोन लावला.

"मी झाडाखाली आहे, मंजू."

"मी पण."

डोक्यावर टिटवी ओरडत गेली. फोनमध्येही तीच टिटवी ओरडली.

"पंचे, चेष्टा नको."

बुंध्याजवळच्या ओल्या मातीत काठीचं एक भोक होतं. पंचशीला बघत असतानाच त्याच्या शेजारी दुसरं उमटलं.

फोन बंद पडला.

तिनं हाका मारल्या. आवाज बसेपर्यंत मारल्या. मग माणसं जमवून आणू म्हणून ती देवळाकडं धावली, तर पायरीवर मंजू बसलेली. निळी टोपी, काठी, सगळं जागेवर.

"वाट बघून बघून आले मी इकडं," मंजू म्हणाली. पंचशीलानं तिला मिठी मारली आणि एकही प्रश्न विचारला नाही. आणून सोडायचं कबूल केलं होतं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. हिमायतनगरच्या रस्त्याला लागताना मंजू पुढं चालत होती. तिच्या चालीत काहीतरी खटकत होतं, पण थकव्यानं पंचशीलाचं डोकं चालत नव्हतं.

मुरुडला पोहोचेतो सकाळ झाली. रत्नम्मानं तिळाचं तेल कोमट केलं, लेकीचा पाय मांडीवर घेतला. "आणलीस बाई," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

पाय उजवा होता. व्रणही उजव्याच गुडघ्यावर होता, टाके जिथं असायला हवेत नेमके तिथं.

"काकू, डावा ना?"

"डावा कशाला? ह्योच की. तूच तर बरा केलास."

मंजू तिच्याकडं बघून हसली. तिचा फोन तेलाच्या वाटीशेजारी पडला होता, काळा, बंद.

पंचशीलाच्या खिशातला फोन थरथरला. पडद्यावर मंजूचं नाव होतं. ती ओसरीवर आली, उन्हात उभी राहिली आणि तिनं फोन उचलला. टिटवी ओरडत होती.

"पंचे, मी अजून झाडाखालीच आहे गं. अंधार पडायला लागलाय."

पंचशीलानं एकदा आत पाहिलं. मग चिखलानं माखलेले बूट पुढं ओढले.

"हलू नकोस," ती म्हणाली, आणि नाड्या बांधायला बसली.