पाचवा दोर

"थांबा! ते चाकाला लावू नका!"

असं ओरडत तो दुकानात शिरला तेव्हा उशीर झाला होता. नाणं चाकावरून उतरलं होतं आणि चमकीच्या चिमटीत आरशासारखं लखलखत होतं.

आता ते दुकानही नाही आणि पॉलिशचं ते गुरगुरणारं कापडी चाकही नाही. पण त्या दुपारचं तिरपं ऊन, लाल पॉलिशचा मेणचट वास आणि दारात धापा टाकणारा तो… चमकीला सगळं जसंच्या तसं आठवतं. चमकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. मामाच्या दुकानात नऊ वर्षं चांदी घासली, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं.

"सकाळी एक बाई देऊन गेल्या," ती म्हणाली. "वाटी, दोन चमचे आणि हे. म्हणाल्या, पोराच्या टेबलावर काळं पडलंय, तेही उजळा."

"ती माझी आई," म्हणत तो मटकन स्टुलावर बसला.

खिशातून भिंग काढून त्याने नाणं पाहिलं. शिडाचं जहाज, जहाजाला चार दोर. बराच वेळ बघत राहिला. मग भिंग खाली ठेवलं.

"गेला."

"कोण?"

"पाचवा दोर."

मग त्याने सांगितलं. टांकसाळीत पोलादी ठशांनी नाणी ठोकायचे. एका ठशावर कोरणाऱ्याच्या हातून जहाजाला एक जास्तीचा दोर कोरला गेला, केसाएवढा. त्या ठशाचं नाणं त्याला सात वर्षांच्या शोधात एकदाच मिळालं होतं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे पोटापाण्याचं काम, आणि वेडही तेच. पण नाणेसंग्राहक मंडळातल्या म्हाताऱ्यांनी भिंग लावून निकाल दिला होता – हा दोर नाहीच, कुणीतरी मारलेला ओरखडा आहे. महिनाअखेरच्या सभेत तो ते नाणं पुन्हा मांडणार होता. त्यांच्या छापील यादीत त्या ठशाची एक ओळ यावी, एवढंच त्याला हवं होतं.

"मला शिव्या द्या," चमकी म्हणाली.

"येत नाहीत."

"मी शिकवते. तुम्ही मागून म्हणत चला."

तो हसला. सात वर्षांची माती झालेला माणूस असा हसतो?

"शनिवारी येत जा," ती घाईने म्हणाली. "मोडीत जुनी नाणी येतात आमच्याकडे. बघू… पाचवा दोर पुन्हा सापडला तर."

तो आला. मग दर शनिवारी आला. दोघं नाण्यांच्या एका ताटलीवर वाकून दोर मोजत बसायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तिचे केस त्याच्या भिंगासमोर यायचे.

"बाजूला कर, दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"जहाज."

"मग इतका वेळ काय बघत होतास?"

त्याचे कान लाल. आतून मामाचा आवाज: "अगं, पाहुण्यांना पाठीची खुर्ची दे! स्टुलावर बसून किती दिवस काढतील?"

पाचवा दोर काही सापडला नाही. शेवटच्या शनिवारी तो म्हणाला, "मी सभेला जात नाही. दाखवू काय? आता ओरखडाही नाही."

चमकी तेव्हा एका तबकावरचा ओरखडा काढत होती. तिने चाक बंद केलं.

"सभा किती वाजता आहे?"

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत अकरा पुरुष होते. असल्या मंडळांत नाण्यांपेक्षा माणसंच जास्त झिजलेली असतात, आणि त्यांना कुणी घासतही नाही. अध्यक्षांनी चकचकीत नाणं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "सत्यानाश! कोण हा गाढव?"

"गाढवीण," चमकी उभी राहिली. "मी घासलं. मागच्या सभेत तुम्ही याला ओरखडा म्हणालात ना?"

"ओरखडाच होता तो."

"ओरखडा म्हणजे चांदीत पडलेला खड्डा. तो काढायचा तर आजूबाजूची चांदी त्याच्याइतकी खाली उतरवावी लागते. नऊ वर्षं तेच करतेय मी. मग शेजारचे चार दोर उरले असते का? बघा, चारही जागेवर आहेत. एकटा पाचवा गेला. का गेला? कारण तो खड्डा नव्हता, उंचवटा होता. चाकाखाली उंच तेच आधी जातं, आणि हा तर केसाएवढा; बाकीचे चार जाड म्हणून टिकले. आणि असा उंच दोर नाण्यावर ठशातूनच येतो. घरी बसून कुणाला खिळ्याने काढता येत नाही."

अध्यक्षांनी नाणं भिंगाखाली धरलं, उलटंसुलटं केलं, पुन्हा धरलं.

"बाई," ते अखेर खाकरून म्हणाले, "हे आम्हाला सुचायला हवं होतं."

"हो, हवं होतं," चमकी म्हणाली.

यादीत ओळ आली: 'पाच दोरांचा ठसा. ज्ञात नाणं एक, पाचवा दोर घासला गेलेला.'

जिना अरुंद होता. तो अर्ध्यावर थांबला.

"आता काय झालं? जिंकलास ना?"

"हो… पण मग शनिवारी यायचं कशासाठी?"

"शोधायचा तर आहेच की अजून एक."

"मी पहिल्या शनिवारनंतर नीट शोधलाच नाही," तो कठड्याकडे बघत म्हणाला. "दोन ताटल्या तर तशाच… नुसता बघत होतो. तुझ्याकडे. तू – म्हणजे आपण – लग्न…"

चमकीला सारं आयुष्य फटकन बोलायची सवय. त्या क्षणी मात्र तिने त्याची बाही धरली, सोडली, पुन्हा धरली.

वरच्या पायरीवरून कुणीतरी खाकरलं. अध्यक्ष! बगलेत यादीची गुंडाळी घेऊन कधीचे खोळंबले होते.

"अहो बाई, इतका वेळ आम्हाला ऐकवलंत, आता त्याला एक शब्द ऐकवा. माझी बस जाईल."

"हो म्हणतेय," चमकी मागे वळून कडाडली. "पण तुमच्या बससाठी नाही!"

आणि तरीही दोघं जागची हलली नाहीत. अध्यक्षांची बस चुकली ती चुकलीच.