शून्य पथ्य

श्वासदर्पणावरची वाफ कडेकडून आत विरत जाते. म्हणून सकाळी श्वास सोडल्यावर आरशावर उमटलेल्या त्या दिवसाच्या पथ्याचे टोकाचे शब्द आधी पुसले जातात आणि मधला शब्द क्षणभर एकटा उरतो. निनादच्या वाफेत तो बहुतेक 'मीठ' असे, कधी 'साखर'. संक्रांतीनंतर मात्र रोज 'आवडेल' हा शब्द उरू लागला.

'पथ्य नाही. आवडेल ते खा.'

"वाचलंस?" निनाद काचेसमोरून हलला नाही. "मला सुट्टी मिळाली. आज गोळाभात कर. आणि फोडणीचं तेल वाटीत वेगळं ठेव. नर्ससारखं चमच्याने मोजून घालू नकोस."

"शाळेत मुलांना भूगोल शिकवतोस की पाकशास्त्र?" त्याची बायको केतकी म्हणाली.

तिने हरभऱ्याची डाळ भिजत घातली आणि नळ बंद करायला विसरली. तिच्या बाबांच्या शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी आईला खोलीबाहेर बोलावून हेच सांगितलं होतं. आता पथ्यबिथ्य राहू द्या. त्यांना आवडेल ते द्या. त्यानंतर आई जिन्यात बराच वेळ बसून होती.

नागपूरच्या वेशीवरच्या प्रयोगशाळेत केतकी वझलवार दर्पणावरचा, श्वासातले रेणू ओळखणारा थर बनवत असे. त्या रेणूंवरून पथ्य काढणाऱ्या गणकाचं गणित देवतळे सरांचं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती त्यांच्या खोलीत गेली.

"सर, दर्पण 'पथ्य नाही' असं कधी म्हणतं?"

"इतकी वर्षं इथे काय भजी तळलीस?"

"माझं काम रेणूंपर्यंत. पुढचं तुमचं."

"पुढचं सोपं आहे. गणक माणसाचं येणारं वर्ष दोनदा मांडतो. एकदा पथ्य पाळून, एकदा न पाळता. दोन्हींत फरक दिसला तर पथ्य देतो. फरक शून्य, तर पथ्य शून्य."

"म्हणजे माणूस ठणठणीत."

देवतळ्यांनी डबा बाजूला सरकवला. "कुणाचं दर्पण?"

"कुणाचं नाही. सहज."

त्यांनी उठून दार लावलं. "ठणठणीत माणसाला पथ्याने फरक पडत नाही. ज्याचा आजार पथ्याच्या पलीकडे गेला, त्यालाही पडत नाही. गणकाला शून्य एकच ठाऊक आहे."

"कोणतं शून्य, हे आत कुठेतरी उरत असेल ना?"

"वाफेबरोबर जातं. तसा कायदाच आहे. एकदा कळलेला आजार 'ज्ञात' ठरतो, आणि ज्ञात आजाराला गुढीपाडव्याला विमा नवा होताना कवच मिळत नाही. म्हणून दर्पणाने निदान करायचं नाही, फक्त पथ्य सांगायचं. लोकांच्या भल्यासाठीच केलं ते."

"आणि दवाखान्यात तपासून घेतलं तर?"

"आज सापडलं तर कवच पाडव्यापर्यंत. पाडव्यानंतर सापडलं तर पुढचं अख्खं वर्ष. शहाणी माणसं माघ-फाल्गुनात शिंकतसुद्धा नाहीत, केतकी."

ती हसली नाही. असल्या आजाराचे उपचार वर्षभर चालतात आणि कवच नसेल तर त्यात राहतं घर जातं, हे तिने शेजारच्या फाटकांकडे पाहिलं होतं. पाडव्यापर्यंत थांबणं शहाणपणाचं होतं. पण निनाद खरोखरच ठणठणीत असेल, तर थांबायची आणि घाबरायची, दोन्हींची गरज नव्हती. ते ठरवायला एक प्रयोग पुरेसा होता. निरोगी माणूस रोज तेलातुपात बुडाला, तर गणकाच्या मांडणीत फरक दिसू लागेल आणि दर्पण पुन्हा त्याला रागावेल.

तिला ते रागावणं हवं होतं.

तिने नाश्त्याला पोह्यांवर तेलाच्या तवंगाची तर्री ओतली. रात्री कधी पाटवडी, कधी पुरणपोळी आणि शेजारी तुपाची वाटी. तुलनेसाठी दुसरा नमुना हवा, म्हणून ती स्वतःही तेवढंच वाढून घेई. सकाळी निनाद श्वास सोडायचा तेव्हा ती टॉवेल शोधायच्या निमित्ताने मागे उभी राही.

"काय बघतेस?"

"काही नाही."

'आवडेल'. मग कोरडी काच.

त्यालाही काहीतरी खटकत असावं. तो तिच्या ताटाकडे बघे. "तू कधीपासून तळणीचं खायला लागलीस?" एकदा तो डावी कूस दाबून बसलेला तिला दिसला. ती आत येताच त्याने हात खिशात घातला. किल्ल्या शोधतोय म्हणाला. किल्ल्या टेबलावर होत्या.

होळीच्या आधी एका सकाळी केतकीने आरशावर श्वास सोडला. 'तळण वर्ज्य. मीठ अर्धं. चाला.' मधे 'मीठ' उरलं आणि गेलं. तिच्यामागून निनाद आला. त्याच्या वाफेत 'आवडेल'.

दोघांनी एकाच कढईतलं खाल्लं होतं. दर्पणात दोष नव्हता. निनादचं शून्य दुसरं होतं, पथ्याच्या पलीकडचं.

त्या संध्याकाळी तिने ज्वारीची भाकरी आणि बिनतेलाची मेथी केली.

"संपली सुट्टी?" निनादने विचारलं.

"माझी संपली. तुझी नाही."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. "ते मला कळलंय."

"कसं?"

"आरशाने 'काहीही खा' म्हटलं, तेव्हा मी खूश होतो. तू तेलाची वाटी पुढे ठेवून गप्प बसलीस, तेव्हा घाबरलो. लग्नाला एवढी वर्षं झाली, तू कधी न मोजता वाढलंयस?" त्याने डाव्या कुशीवर हात ठेवला. या वेळी काढला नाही. "इथे दुखतं. दिवाळीपासून."

"आणि बोलला नाहीस."

"पाडव्याची वाट बघत होतो. मला काय कायदा कळत नाही? तू कशाची बघत होतीस?"

केतकीने मान खाली घातली. "त्याचीच."

मेथी गार होत होती.

"एक सांगते," ती हळू म्हणाली. "गणक फक्त पथ्य मांडतो. औषध आणि शस्त्रक्रिया त्याच्या गणितात नाहीतच. पथ्याने फरक पडणार नाही, एवढंच ते शून्य सांगतं. उपचारांबद्दल ते काही सांगत नाही."

"आणि थांबण्याने फरक पडतो?"

"पडतो. आपण थांबलो तेवढाही पडला असेल."

"आता सापडलं तर पाडव्यापासून कवच नाही."

"नाही."

"घर जाईल."

"जाईल कदाचित."

निनादने हातातला तुकडा मेथीत बुडवला, खाल्ला. "मीठ कमी आहे," तो म्हणाला. तिने मिठाची वाटी पुढे सरकवली नाही. तो तिच्याकडे बघत राहिला आणि गेल्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा नीट हसला.

"पाडवा येईल तेव्हा येईल," तो म्हणाला. "उद्या सकाळी तपासणीला जाऊ."