वर्झानेला उतरलेलं पॅराशूट

वर्झाने गावाहून आलेल्या त्या पत्राला कामियारने उत्तर दिलंच नव्हतं. ओझोन मोजणारी पेटी फुग्याला बांधून त्यानेच इस्फहानच्या आकाशात सोडली होती. फुगा उंचावर फुटला आणि पेटी पॅराशूटला लटकत वर्झानेतल्या एका डाळिंबाच्या बागेत उतरली. वर लिहिलेल्या त्याच्या नाव-पत्त्यावर ती पोस्टाने परत आली. सोबत दोन ओळी – ‘पॅराशूट ठेवून घेतलंय. न्यायला या, तुमचं पाऊल आमच्या डोळ्यांवर. – गोलनूश.’

पाऊल डोळ्यांवर! इस्फहानात असं भाजीवालाही म्हणतो. ते खरं मानून कुणी निघतं का? तरी पत्र त्याच्या खिशातून हललं नाही.

वसंतातल्या एका दुपारी तो वेधशाळेच्या गच्चीवर यंत्राची तबकडी फिरवत होता. तेवढ्यात भिंगावर सावली पडली.

“खानम, जरा बाजूला व्हा. सूर्य अडतोय.”

“अगबाई! सूर्य अडवण्याइतकी मोठी दिसते मी?”

त्याने मान वर केली. डोक्यावरून पांढरीशुभ्र चादर... अशी वर्झानेच्याच बायका घेतात. मागे शाळेच्या मुली खिदळत होत्या. ही त्यांची बाई.

“गोलनूश... खानम?”

“म्हणजे पत्र पोचलं तर! मला वाटलं, पोस्टमनने खाल्लं.”

कामियारचे कान लाल झाले. तो घाईघाईने यंत्राबद्दल बोलू लागला – आणि मग थांबेचना.

“माझ्या जन्माआधीपासून या गच्चीवरून रोज ओझोन मोजतात. आमचे साहेब लढाईच्या दिवसांतही इथून उतरले नाहीत. आता ही तबकडी माझ्या हातात आहे.”

“मग उत्तर फुग्यालाच बांधायचंत! वारा आमच्याकडेच येतो.”

“छे! पेटीला चिठ्ठीसुद्धा जास्तीची बांधत नाही आम्ही. सगळे फुगे सारखेच चढले पाहिजेत. नाहीतर जुन्या नोंदींशी ताडून काय बघणार?”

“एका कागदाने एवढं बिघडतं?”

“बिघडू देत नाही,” तो ताठ मानेने म्हणाला.

ती हळूच म्हणाली, “पुढच्या शुक्रवारी मला बघायला पाहुणे येतायत. चहा मलाच न्यायचाय.”

तबकडीवरचा त्याचा हात थबकला. “मला वाटलं, तुम्ही आपलं... रीत म्हणून लिहिलंत...”

“नुसती रीत असती, तर पॅराशूटही परत केलं असतं ना, आगा कामियार!”

मुलींना हाकत ती जिना उतरली. कामियारने आधी नोंद पूर्ण केली. मगच कागद ओढला.

‘गोलनूश खानम, पॅराशूट न्यायला पुढच्या गुरुवारी येतो. आईला घेऊन येतो. पहिला चहा आम्हाला द्या. त्या दुपारची नोंद मित्र घेईल. आमच्या गच्चीवर एकही दुपार रिकामी जात नाही.’

कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीपाशी त्याचा हात क्षणभर अडखळला... मग फुगा सोडताना सोडतो, तशी त्याने बोटं सोडली.