एका आकड्याने चुकलेलं दार

सकाळी इस्पितळाचा सर्व्हर कुणीतरी बंद करून पुन्हा चालू केला आणि स्कॅनचा सगळा साठा दिसेनासा झाला. तसा तो जागेवरच होता. डिस्क ठणठणीत होती. पण खोलीला दार लागतं, तसा साठ्याला नोड लागतो, आणि तो नोडच नाहीसा झाला होता. सिस्टिम सांभाळणाऱ्याने हे फोन करणाऱ्या तिघा डॉक्टरांना समजावलं. तिघांनीही ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग चालू कधी होणार?"

त्याचं डोकं आधीच फिरलं होतं. वर ऑपरेशन थिएटरबाहेर त्याची ताई स्ट्रेचरवर ताटकळत पडली होती. गाठ आजच काढली नाही तर ताई हाती लागायची नाही, असं सर्जननीच बजावलं होतं. आणि स्कॅन पाहिल्याशिवाय तेच पोटाला हात लावायला तयार नव्हते.

नोड आपोआप तयार करणाऱ्या आज्ञा देऊन झाल्या. मशीन ढिम्म. पंख्यांची घरघर, तापलेल्या धुळीचा वास आणि त्यात सारखा वाजणारा फोन. शेवटी वैतागून त्याने स्वतःच साठ्याचा क्रमांक टाकून नोड तयार केला. साठा उघडला. ताईचं नाव दिसलं.

"बघा एकदाचा स्कॅन," तो फोनवर म्हणाला.

सर्जननी वर स्कॅन उघडला.

"हा कुणाचा आहे?"

"ताईचाच. नाव वाचा ना."

"यात टाके दिसतायत... यकृताखाली चिमटा राहिलाय. यांचं पोट तर अजून कुणी उघडलेलंच नाही..."

त्याने क्रमांक ताडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. एक आकडा चुकला होता. पण त्या क्रमांकाचा साठा या मशीनवर नव्हताच. बरोबर क्रमांक टाकल्यावर खरा स्कॅन मिळाला आणि ताईला आत नेलं. तरी त्याला राहवेना. त्याने थिएटरात फोन लावला.

"डॉक्टर, टाके घालण्याआधी चिमटे मोजाल ना?"

"आम्ही रोजच मोजतो. तुम्ही तुमचं मशीन सांभाळा."

दुपारी थिएटरमधल्या सिस्टरचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"एक कमी भरला. यकृताखाली होता... ओढून काढावा लागला. सर अजून हातच धुतायत."

त्याला एकदम हायसं वाटलं. आता त्या चुकीच्या नोडची ब्याद पुसून टाकावी म्हणून तो बसला, आणि पुसण्याआधी त्याने तो स्कॅन एकदा उघडला. चिमटा आता त्यात नव्हता. त्या जागी बोटांची हाडं होती, पाचही, मुठीसारखी मिटलेली.

त्याने नोड पुसला. मशीनने नकार दिला. साठा वापरात आहे, म्हणे. त्याने पुन्हा पुसला. पुन्हा तेच. खुर्ची तशीच ढकलून तो वर धावला.

ताई भुलीतून हळूहळू बाहेर येत होती.

"ताई, दुखतंय का गं?"

"नाही रे..." ती पुटपुटली. "झालं ना सगळं? मग सांग ना त्यांना... आतून हात काढा म्हणावं."