चार्जिंगची पिन

"मॅडम, नुसती पिन बदलून मिळत नाही. अख्खा बोर्डच बदलावा लागेल," सर्व्हिस सेंटरमधली मुलगी गोड हसून म्हणाली. खर्च ऐकून भाषांतरकार बाईंनी लॅपटॉप परत पिशवीत टाकला. नखाएवढी चार्जिंगची पिन सैल झालेली, आणि पैसे निम्म्या नव्या लॅपटॉपचे!

"शर्टाचं बटण तुटलं, तर हे लोक नवा शर्ट शिवायला सांगतील," मागून कुणीतरी पुटपुटलं.

तिने वळून पाहिलं. काखेत बिघडलेला की-बोर्ड धरून एक तरुण उभा होता – आणि तिला हसू आवरेना.

तो चित्रकार. दिवसा जाहिरातींच्या ऑफिसात नोकरी. रात्री घरी, लॅपटॉपवर, मुलांच्या एका पुस्तकासाठी चित्रं. त्याचं पहिलंच पुस्तक. तोच तिला बाजारामागच्या बोळात दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेला.

"पिन मागवतो. शनिवारी या," काका म्हणाले.

शनिवारी पिन आली नाही. पुढच्या शनिवारी आली, ती भलत्याच मॉडेलची. तिची कामं तुंबली, रडकुंडीला आली बिचारी. तेव्हा त्याने स्वतःचा लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

"आणि तुमचं पुस्तक?"

"ऑफिसातल्या मशीनवर उरकतो. फक्त ते 'तुमचं' तेवढं बंद करा."

"बरं… तू म्हणशील तसं."

मग दर शनिवारी काकांच्या दुकानात डोकावणं, कोपऱ्यावर कॉफी, आणि पाऊस असला की एकाच छत्रीतून घर. छत्री तिच्याकडे कलती धरून तो स्वतः खुशाल भिजायचा.

एका मंगळवारी तिचा लॅपटॉप दुरुस्त झाला. तिने तो आणून कपाटात ठेवला. शनिवारी त्याने विचारलं, "आली पिन?"

"काकांना फोन केला होता… नाही आली रे," ती बोलून गेली. पुढच्या शनिवारीही तेच.

शेवटी तो वैतागून एकटाच काकांशी भांडायला गेला. आणि तिथून थेट तिच्या दारात.

"तू कधीच घेऊन गेलीस म्हणे?"

तिची नजर कपाटाकडे गेली.

"साहेबांनी ऑफिसात खाजगी काम बंद करायला लावलं. चित्रं वेळेत झाली नाहीत. पुस्तक दुसऱ्याला दिलं प्रकाशकांनी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू लगेच लॅपटॉप परत केला असतास. तुझं काम अडलं असतं."

तिचे डोळे भरून आले. "वाटलं, दुरुस्ती झाली की… भेटायला कारणच उरणार नाही. मला तू आवडतोस रे."



"कारण कशाला हवं होतं?" तो हळूच म्हणाला. "नुसतं 'ये' म्हणाली असतीस, तरी आलो असतो."

तिने त्याचा लॅपटॉप आणून दिला. "शनिवारी…?"

"आत्ता नको. आत्ता बोललो, तर वाईट बोलेन."

तो जिना उतरू लागला. हाक जिभेवर आली होती – पण कोणत्या तोंडाने मारणार? खालचं दार लागलं, तरी ती उंबऱ्यातच उभी होती.

त्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ती मात्र कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन बसत राहिली, दार उघडलं की मान वर करत.